गणपतमामांचं निम्मं मीठ

गणपतमामा गेले, त्याला आता दीड महिना झाला. बातमी आली तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात जाऊन सांगावं लागतं, तेच सांगायला गेले होते. पुढं चार माणसं उरली असताना देवगाव रंगारीहून मामांच्या मुलाचा फोन आला. "ताई, आप्पा गेले. दोन दिवस ताप होता. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणले, अन् तसेच..." मी नुसतं "बरं" म्हटलं. रांगही सोडली नाही. सही केली, पावती घेतली आणि मग बाहेर येऊन बँकेच्या पायरीवर बसले. ऐंशी पार केलेला माणूस, कुणाकडून सेवा करून घेतली नाही, कुणाला जागरणं घडवली नाहीत. लोक याला चांगलं मरण म्हणतात, आणि ते खरंही आहे. तरी मला त्या पायरीवरून बराच वेळ उठवेना.

नात्यानं मामा माझे कुणीच नव्हते. ते आचारी होते. कन्नड, फुलंब्री, गंगापूर या पट्ट्यात चाळीसेक वर्षं त्यांनी लग्नांचे स्वयंपाक केले. सगळा पट्टा त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. माझे सासरे अण्णा मूळचे देवगावचेच. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं, तेव्हा अण्णा चौथीत होते आणि मामा पहिलीत. त्या धामधुमीत शाळा काही दिवस बंद पडली, तेव्हा अण्णांनी ओट्यावर बसून मामांना बाराखडी शिकवली. पुढं शाळा सुरू झाली, पण मामा काही परत गेले नाहीत. आचारी बापाच्या हाताखाली लग्नाच्या चुलवणावर उभे राहिले. "मला जेवढं वाचता येतं तेवढं अण्णाचं," असं ते कुणालाही सांगायचे. अण्णा पुढं शिक्षक झाले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याबरोबर शहरात, सिडको वसाहतीतल्या घरी राहायला आले. मामा मसाल्याचं सामान घ्यायला शहरात आले की मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून, थेट आमच्याकडं यायचे. येताना पिशवीतून काहीतरी काढायचे आणि जाताना माझ्या स्वयंपाकाला एखादी खोच मारून जायचे.

त्यांची येसराची आमटी नावाजलेली होती. धान्यं, डाळी, धने, तीळ, खोबरं असं खमंग भाजून काळ्या मसाल्याबरोबर दळलं की येसर होतं, आणि ते लावलेल्या आमटीशिवाय आमच्या भागात लग्नाचं जेवण पुरं होत नाही. येसर सगळेच करतात. मामांची गोष्ट वेगळी होती ती मिठाची. नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, हा त्यांच्या घराचा नेम. पाचशे माणसांची आमटी उकळत असायची, आणि मामा वाफेवर नाक धरून, उकळीचा आवाज ऐकून मुठीनं मीठ सोडायचे. एक थेंब जिभेवर न घेता. ते मीठ कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आचाऱ्याची सगळी इभ्रत त्या मुठीत असते. भात जरा फडफडीत झाला तर लोक चालवून घेतात, बुंदी कडक झाली तरी खातात, पण आमटीत मीठ जास्त पडलं तर ते पुढच्या तीन गावांत कळतं.

अण्णा अडुसष्ट वर्षांचे असताना एक दिवस बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रक्तदाब भलताच वाढलेला होता आणि मूत्रपिंडांवर ताण यायला लागला होता. "गोळ्या देतो, पण मीठ निम्म्यावर आणा. नाहीतर पुढं मशीनवर रक्त धुवायची वेळ येईल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता अण्णांचं जेवण म्हणजे काय, ते सांगते. ताट समोर आलं की चव घेण्याआधीच ते वरणावर मीठ भुरभुरायचे. लोणच्याची फोड दोन वेळेला दोन, भाजलेला पापड रोज. त्यात एका पाहुण्यानं सैंधव आणून दिलं आणि "यानं काही होत नाही" म्हणून सांगून गेला, तेव्हापासून अण्णा दुप्पट घ्यायला लागले. सैंधव झालं तरी ते मीठच, हे मी त्यांना चारदा सांगितलं. मुख्याध्यापकाला सुनेनं चारदा सांगून काय होतं?

मी सरकारी कचेरीत कारकून. वरून आदेश आला की अंमलबजावणी करायची, एवढंच मला ठाऊक. एका रविवारी मी सगळा स्वयंपाक अळणी केला. लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली आणि अण्णांच्या ताटात मीठ वाढलंच नाही. इथं माझी चूक झाली, आणि ती साधी नव्हती. आपल्याकडं ताट वाढायला घेतलं की सगळ्यांत आधी डावीकडं वर चिमूटभर मीठ पडतं, मग लिंबू, मग चटणी-कोशिंबीर. मिठाशिवाय पान वाढायचा आमच्या घरात एकच दिवस, श्राद्धाचा. ते पान पितरांचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी मीच ते वाढायची. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त डॉक्टर होते.

अण्णांनी ताटाकडं पाहिलं. हात जोडले. मला वाटलं, जेवणाआधी जोडतात तसे जोडले. मग म्हणाले, "सूनबाई, आज तिथी कुणाची?"

मला काही कळलं नाही. "कुणाची नाही," मी म्हटलं.

"माझी असेल तर आधी सांगायचं. दक्षिणेकडं तोंड करून बसलो असतो." आणि ते उठले. चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर तीन दिवस अण्णा घरी जेवले नाहीत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजे खायचे, कचोरी खायचे, वर तळलेली मिरची मिठात बुडवून. म्हणजे मी जे वाचवायला निघाले होते ते दुप्पट वेगानं चाललं होतं. आमच्या ह्यांनी माझ्यावर तोंड सोडलं, "चिमूटभर मीठ टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं?" डॉक्टरांपुढं मान डोलवणारे हेच. मी "मूत्रपिंड बिघडलं असतं" म्हणाले, पण आतून पार घाबरले होते. सासरा जिवंत असताना सुनेनं त्याला पितरांचं पान वाढलं, ही गोष्ट देवगावपर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता. आणि हट्टानं माणूस असाच बाहेर खात राहिला तर महिन्याभरात काय होईल, हे मला अंथरुणावर पडल्या पडल्या दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मामा आले. अण्णा फिरायला गेले होते. मी सगळं सांगितलं, सांगताना रडलेही. मामांनी ऐकून घेतलं आणि हसायलाच लागले. मला राग आला.

"बाई, मीठ भांड्यातून काढायचं असतं," ते म्हणाले. "ताटातून नाय. ताटातलं मीठ म्हणजे माणसाचा मान हाय. तो कशाला काढता?"

"भांड्यातून काढलं तर जेवण जात नाही त्यांना."

"मग त्या जागी दुसरं काही टाकलं का? नुसतं काढलं, व्हय ना?"

आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. मामांना घरगुती स्वयंपाकघरात उभं असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. गॅसची शेगडी त्यांना खेळण्यासारखी वाटत असावी. दोन कांदे सालासकट जाळावर ठेवून त्यांनी काळेठिक्कर करून घेतले. लसणाचा अख्खा गड्डा भाजला. मग पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत विटकरी रंगाची भरड पूड होती. नाकाशी धरली तर आंबट, गोडूस आणि त्यापलीकडं काहीतरी खमंग, तोंडाला पाणी सोडणारं. "टमाटे हाईत," मामा म्हणाले. उन्हाळ्यात टमाट्याला कुणी विचारत नाही, शेतकरी बांधावर ओतून देतात. मामा त्यातले पिकून लाल झालेले उचलून आणायचे, फोडी करून पत्र्यावर वाळवायचे आणि कुटून ठेवायचे. बिनमिठाचे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. फार पूर्वी एका शेतवस्तीवरच्या लग्नात वळवाच्या पावसानं मिठाचं पोतं भिजून वाहून गेलं. जवळ दुकान नाही, वऱ्हाड दारात. तेव्हा त्यांनी उरलं होतं तेवढं मीठ टाकलं, आणि भीतीपोटी वस्तीवरच्या घरात सापडलेले वाळलेले टमाटे, भाजलेला लसूण आणि येसर दुपटीनं लावलं. पंगती उठल्या तरी कुणाचीच तक्रार नाही. उलट आमटी दोनदा करावी लागली. "तेव्हा कळलं," ते म्हणाले, "की जीभ मीठ मागत नसती. तिला धरायला काहीतरी लागतं. आमटी जिभेला धरली का मग ती मिठाचं नाव काढत नाय."

मीठ त्यांनी अगदी शेवटी टाकलं, गॅस बंद करताना, माझ्या नेहमीच्या निम्मं. लवकर टाकलं तर आमटी आटते आणि मीठ तेवढंच राहतं, मग अंदाज चुकतो, असं सांगितलं. देवापुढं वाटी ठेवली. अण्णा आले तेव्हा मामांनी स्वतः ताट वाढलं. सगळ्यांत आधी, डावीकडं वर, चिमूटभर पांढरं मीठ. अण्णांनी त्या चिमटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि बसले. आमटीत भाकरी कुस्करली. पहिला घास, दुसरा घास... मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत उभी. अण्णांनी वाटी पुढं केली. "गणपत, घाल अजून." जेवण उरकलं तेव्हा ताटातलं मीठ होतं तसंच होतं.

तिथून पुढं मामांनी मला हाताशी धरलं. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर टमाट्याच्या फोडी वाळायला लागल्या. शेंगदाणे, तीळ किती भाजायचे, लिंबू कधी पिळायचं, कुठल्या भाजीत येसर चालतं, कुठल्या भाजीत नाही, हे सगळं ते दर फेरीला थोडं थोडं सांगायचे. बाकीच्या भाज्यांतलं मीठ मात्र एकदम काढू दिलं नाही. "पंधरा दिवसाला एक चिमूट. जिभेला कळू द्यायचं नाय का आपण काय करतोय." लोणचं राहिलं, पण फोडीची टिचभर झाली. पापड सणापुरता उरला. पुढं माझा मुलगा पुण्याला अन्नतंत्राचं शिकायला लागला, तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, मामा करतात ना, त्याला उमामी म्हणतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि ही पाचवी चव. जपानी लोकांनी नाव दिलंय." पिकलेल्या टमाट्यात ती असते, अळिंबीत असते, वाळवलं की दाटते, आणि ती असली की कमी मीठही पुरेसं वाटतं, असं त्यानं समजावलं. चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड टाकतात तीही तीच चव, हेही सांगितलं. मी हे मामांना ऐकवलं. त्यांनी उमामी हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. "चांगलं नाव हाय," म्हणाले. "पण ती पूड नको. वाईट म्हणून नाय. हात आळशी व्हतो."

सहा महिन्यांत अण्णांचा रक्तदाब आटोक्यात आला. गोळ्या होत्याच, पण डॉक्टर म्हणाले, पथ्य दिसतंय. अण्णांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ते फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगायचे, "डॉक्टरला काय कळतं? मी पूर्ण मिठाचं जेवतो. ताटात वेगळं मीठ असतं माझ्या. आणि बीपी बघा, पोरासारखं!" मी आत भांडी आवरत हे ऐकायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोपऱ्यावर भजे खायला गेले असते, याची मला खात्री होती.

मग गंगापूरकडचं ते लग्न आलं. नात्यातलंच होतं, स्वयंपाक अर्थातच मामांचा. मोठा मांडव, जेवायला पंचक्रोशीतली माणसं. अण्णा पहिल्या पंगतीत मधोमध, मान असल्यामुळं. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. मामा त्यांच्या रिवाजाप्रमाणे पंगतीच्या टोकाशी हात पुसत उभे होते. अण्णांनी आमटीचा भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि शाळेत वर्गाला ऐकू जावा तशा आवाजात म्हणाले, "गणपत, आज मीठ जास्त पडलं रे!"

आमटी उत्तम होती. मी नंतर जेवले, मला ठाऊक आहे... म्हणजे मलाही ती जराशी खारट लागली, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की वर्षभर मीही तेच निम्मं मीठ खात होते. पण बाकी कुणाला ती खारट लागायचं कारण नव्हतं. अण्णांच्या शेजारचा माणूस तर दुसरी वाटी पीत होता. पण अण्णा बोलले, एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलं, तशी त्यानंही वाटी खाली ठेवली. "हां, जरा हायेच," म्हणाला. पलीकडच्यानं मान हलवली. पाहता पाहता अख्ख्या पंगतीला आमटी खारट लागायला लागली. नवरीचे काका उठून मामांकडं निघाले. एका वाक्यात हे मिटलं असतं. अण्णा, गेलं वर्षभर तुम्ही निम्म्या मिठाचं जेवताय, चूक आमटीची नाही, जिभेची आहे, एवढंच. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी मला डोळ्यांनी नाही म्हटलं, आणि सगळ्या मांडवापुढं हात जोडले. "व्हय अण्णा. चुकलं. हात भारी पडला."

मी गप्प बसले. तुपाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडं गेले. याची मला आजही लाज वाटते, आणि अण्णांची मूत्रपिंडं आठवली की पुन्हा वाटतं, दुसरं काय करणार होते? पंगती उठल्यावर चुलवणाकडं गेले, तर मामा कढईला पाणी घालत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाई, एक शब्द नाय. त्यांना कळलं तर परत मीठ मागतील." मग विषय बदलला, मुलाच्या अभ्यासाचं विचारलं.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मशीनची वेळ कधी आली नाही. शेवटी गेले ते म्हातारपणानं, आणि अखेरपर्यंत आपण पूर्ण मिठाचं जेवतो या समाधानात.

मामांच्या तेराव्यानंतर मी देवगावला गेले. मामी, म्हणजे मामांच्या सरूबाई, ओसरीवर बसल्या होत्या. रडून झालेलं होतं. इकडचं तिकडचं बोलताना मी गंगापूरच्या लग्नाचा विषय काढला. एवढ्या वर्षांत कुणापाशीच बोलले नव्हते. त्या माणसासाठी मला तोंड उघडता आलं नाही, असं म्हटलं.

"त्या साली तीन लग्नं ठरलेली होती, ती दुसऱ्याकडं गेली," त्या म्हणाल्या. "मामाचा हात गेला, वय झालं, असं बोलायला लागले लोक. दोन उन्हाळे लई कमी काम आलं."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या दोन वर्षांतही मामा आमच्याकडं येत होते, पुरचुंडी आणत होते, माझ्या भाजीला नावं ठेवत होते.

"मी लई भांडले त्यांच्याशी," मामी म्हणाल्या. "म्हणलं, लोकायला खरं काय ते सांगा. खामखा कशाला वाईटपणा घेता? तर त्या दिवशी लग्नावरून घरी आले ते हसतच आले होते, बाई. पाय धुतले, इथंच बसले. म्हणले, सरू, अण्णाला माझी आमटी खारट लागली. अण्णाला! वरून मीठ घेणाऱ्या माणसाला! आता तो दहा वर्षं मरत नाय बघ."

मी मामींचा हात धरला. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

मागच्या आठवड्यात फुलंब्रीला एका लग्नाला गेले होते. हल्ली सगळीकडं उभ्यानं जेवायचं असतं, पण तिथं पंगत होती. आमटी येसराची. पहिल्याच घासाला जिभेवर मीठ चढलं. आजूबाजूच्या बायका मजेत भुरके मारत होत्या. तेवढ्यात आचारी पंगतीतून फिरत आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर पंचा, कपाळावर घाम. माझ्यापाशी थांबून त्यानं वाकून विचारलं, "ताई, मीठ बरोबर हाय ना?"

"अगदी बरोबर आहे," मी म्हटलं, आणि बाजूच्या चौघींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.